सुलभाताईंचा कमी बोलणारा सिनेमा

सुलभाताई, आधी एक सांगा. तो तिजोरी उघडणारा म्हातारा शाकाहारी आहे, हे तुम्ही कधी ठरवलंत? घरूनच ठरवून आल्या होतात, की मासळीच्या व्हॅनमध्ये चढताना त्याने नाक मुरडलं ते बघून जागच्या जागी सुचलं? तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ऑफिसला जाताना, भांडी घासताना, इराच्या डब्यात काय द्यायचं याचा विचार करताना मध्येच येतो. जवळचं माणूस गेलं की आयुष्याबद्दलचे मोठमोठे प्रश्न पडतात म्हणे. मला हे असले पडताहेत.

तुमचं माहेर कुठलं, काका संशोधनासाठी जपानला आले तेव्हा तुम्ही कशा आलात, इथे किती वर्षं काढलीत, हे सगळं आपल्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर येऊन गेलं आहे. फोटोही आला. तोच निळ्या साडीतला, जो तुम्हाला अजिबात आवडायचा नाही. त्यात मी आणखी भर घालत नाही. मला त्या चोरांच्या सिनेमाबद्दल लिहायचं आहे, कारण त्या सिनेमावरून गेल्या दिवाळीत मी घरभर माणसांसमोर तुम्हाला खोटं पाडलं, आणि त्याबद्दल तुमची माफी मागायची राहून गेली.

मी फुनाबोरीला आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही ओजिमाहून माझ्याकडे आलात. दोनच स्टेशनं, पण मला तेव्हा तीही परदेशात वाटायची. अभिजित कावासाकीला ऑफिसात, मी घरात एकटी, आणि बाल्कनीत कचऱ्याच्या तीन पिशव्या. कुठल्या वारी काय टाकायचं ते मला कळत नव्हतं. एकदा चुकीच्या दिवशी टाकलेली पिशवी लाल स्टिकर लावून तशीच ठेवून दिली होती, आणि येणारेजाणारे तिच्याकडे बघून पुढे जात होते. मी शरमेने अर्धी झाले होते. तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. वॉर्ड ऑफिसने दिलेला कचऱ्याचा तक्ता मागितलात, खाली जाऊन बिल्डिंगच्या केअरटेकरला गाठलंत, त्याच्याशी अशा काही फर्ड्या जपानीत बोललात की तो वाकून वाकून उत्तरं द्यायला लागला. मग वर येऊन तक्त्याच्या एकेका चौकटीत बॉलपेनने चित्र काढून दिलंत. माशाचा काटा, बाटली, वर्तमानपत्राचा गठ्ठा, फुटका कप. म्हणालात, आता नुसतं बघायचं आणि टाकायचं, वाचत बसायची गरजच नाही. मला वाटलं, किती विचार करतात या माझा.

तुमच्या जपानीचा आम्हा सगळ्यांना केवढा आधार होता. काकांचं सगळं आयुष्य प्रयोगशाळेत आणि इंग्रजीत गेलं, त्यांना धड दूध मागता यायचं नाही. आमच्यापैकी कुणाला डॉक्टरकडे जायचं असो, मुलाला शाळेत घालायचं असो, नाहीतर शेजारीण पायांच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेली असो, पहिला फोन तुम्हाला. वॉर्ड ऑफिसात तुम्ही माझा फॉर्म खिडकीवरच्या मुलीसमोर ठेवायचात आणि गोड हसून म्हणायचात की चष्मा घरी विसरले, जरा वाचून दाखवता का. ती बिचारी अख्खा फॉर्म वाचून, समजावून, कुठे काय भरायचं तिथे पेन्सिलीने खुणा करून द्यायची. बाहेर आल्यावर मी म्हटलं होतं, काय डोकं चालवलंत हो. तुम्ही नुसत्या हसलात.

तेव्हा तुम्ही स्टेशनजवळच्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानात अर्धवेळ कामाला होतात. परत आलेल्या डीव्हीडी आपापल्या जागी लावायचं काम. ते दुकान बंद झालं तेव्हा तुम्ही तिथून एकच डीव्हीडी घरी आणलीत. कव्हरवर दगडी जिन्यावरून खाली झेपावणारी पांढरी व्हॅन. युरोपातलं डोंगरउतारावरचं कुठलंसं बंदर. बोलणं कुठल्या भाषेत चाललंय यावरून आपल्यात दोन तट. तुम्ही इटालियन म्हणायचात, अभिजित पोर्तुगीज. इथे विकताना त्याला भलतंच जपानी नाव दिलेलं होतं, त्यामुळे नेटवर शोधूनही मूळ सिनेमा हाती लागला नाही. आणि खाली येणाऱ्या ओळी फक्त जपानीत.

मग रविवारी दुपारी जेवणं झाली की तुम्ही डीव्हीडी लावायचात, सोफ्याच्या हातावर बसायचात आणि खालच्या ओळी आम्हाला मराठीत वाचून दाखवायचात. निदान आम्ही असंच समजत होतो. तिजोरी उघडणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव तुम्ही कुलकर्णी ठेवलंत, कारण तो तुमच्या कुणा मावसभावासारखा दिसायचा. गाडी चालवणारी ती उंच मुलगी शैला. आणि सगळं ठरवणारा, कोटाच्या खिशातून हात न काढणारा, तो साहेब. जकातीच्या जुन्या इमारतीतून हिऱ्यांची पेटी पळवायची आणि मासळीच्या व्हॅनमधून गावाबाहेर काढायची असा बेत. साहेब नकाशावर बोट ठेवून तावातावाने बोलायला लागला की तुम्ही त्याचा आवाज काढायचात: "कुलकर्णी, तुम्हाला कितीदा सांगितलं, मागच्या दाराने यायचं. पुढे रखवालदार असतो." आणि कुलकर्णी आपला मान खाली घालून म्हणायचे की मी शाकाहारी माणूस, माशांच्या वासात मला बसवणार नाही, मी आपला मागून बसने येतो. आम्ही पोट धरून हसायचो. मला त्या परक्या देशातल्या पहिल्या वर्षात इतकं हसू दुसऱ्या कशानेही आलेलं आठवत नाही. परत पुण्याला जायचं म्हणून मी दोनदा तिकिटं बघून ठेवली होती ताई, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. रविवार आला की ती तिकिटं बघणं पुढे जायचं.

पाठलाग सुरू झाला की मात्र तुम्ही गप्प. अकरा मिनिटं त्या सिनेमात कुणी चकार शब्द बोलत नाही. मागे पोलिसांच्या तीन गाड्या, पुढे ती मासळीची व्हॅन. बाजाराच्या पत्र्याच्या छपरावरून ती जाते, पत्रे खाली वाकतात, खालचे भाजीवाले टोपल्या डोक्यावर धरतात. ट्रामच्या बोगद्यात समोरून ट्राम येत असताना शिरते आणि भिंतीला घासून ठिणग्या उडवत बाहेर पडते. मग तो जिना, देवळापासून थेट धक्क्यापर्यंत उतरणारा. तिथे काका नेमाने म्हणायचे की एवढ्या पायऱ्यांवर गाडीचा आस टिकणं शक्य नाही, धातूला थकवा येतो. तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणायचात, "तुमचा धातू थकत असेल. ही बाई थकत नाही."

आणि ती मिशी! छपरावरून गाडी खाली उडी मारते तेव्हा क्षणभर काचेतून शैलाचा चेहरा दिसतो, आणि शैलाला मिशी असते. केसांचा टोप घातलेला कुणी स्टंटवाला गडी. आम्ही तो सिनेमा सात-आठ वेळा पाहिला होता, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही रिमोटने नेमकं तिथे थांबवलंत आणि पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलंत. अभिजित हसून हसून खाली बसला. त्यानंतर कित्येक रविवार तुम्हाला त्याचंच कुतूहल. कोण असेल तो, त्याच्या बायकोला माहीत असेल का तो कामावर जाऊन काय करतो, टोप घालताना त्याला कसं वाटत असेल. मिशी का काढली नसेल, हा तर तुमचा लाडका विषय होता. तुमचं म्हणणं असं, की त्याने सांगितलं असणार, बाईचे केस घालीन, जिन्यावरून गाडी घालीन, मिशी मात्र काढणार नाही.

या अवधीत मी जपानी शिकत होते. आधी संध्याकाळचा वर्ग, मग घरी इराच्या शाळेची पुस्तकं, मग परीक्षा. हळूहळू खालच्या ओळी मला कळायला लागल्या आणि तुम्ही सांगता ते त्यांच्याशी जुळेना. सुरुवातीला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. एवढी वर्षं इथे राहिलेल्या सुलभाताई कुठे, आणि मी कुठे. म्हणून गप्प बसले. मग सगळ्यात वरची परीक्षा पास झाले, कावासाकीला नोकरी लागली, ऑफिसात मला सगळे मृदुला-सान मृदुला-सान करायला लागले, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. दुसरा शब्द नाही त्याला.

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी सगळे जमलो होतो. मुलं आत खेळत होती, आपण मोठी माणसं चिवडा खात तुमचा सिनेमा बघत होतो. शेवट आला. जिन्यावरच्या धक्क्यात कुलकर्ण्यांचा पाय मोडलेला असतो, त्यांना वर दीपगृहापाशी एका पडक्या खोलीत ठेवून शैला आणि साहेब धक्क्यावर आलेले असतात. जहाज सुटायला आलेलं. शैला धक्क्यावरच्या फोनवरून त्यांना फोन करते, साहेब पेटी घेऊन बाजूलाच उभा. आणि तुम्ही दर वेळेसारखं म्हणालात, "थांबा हं कुलकर्णी. मी आलेच."

मी म्हटलं, "नाही ताई. ती म्हणतेय, वाट बघू नका. आम्ही निघालो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी रिमोट घेतला, मागे नेलं आणि आधीच्या ओळीही वाचून दाखवल्या. साहेब मागच्या दाराबद्दल काही बोलतच नव्हता. कुलकर्णी बसने येतो म्हणत नव्हते, त्यांना आपला वाटा किती ते हवं होतं. एकेक ओळ मी घडाघडा वाचली. कुणीतरी हसून म्हणालं, म्हणजे इतकी वर्षं ताईंनी आपल्याला शेंडीच लावली की. सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि रिकामे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेलात. मी मागून आले तेव्हा नळ सोडलेला होता. पाठमोऱ्याच म्हणालात, "ती परत येते ग. तू बघत नाहीस."

"मी वाचतेय ना ताई," मी म्हटलं.

तुम्ही कप विसळत राहिलात. मला तेव्हा वाटलं, चूक कबूल करायला जड जातंय तुम्हाला.

त्यानंतर आपण बोलत होतो की. मेथी कुठल्या दुकानात आली, इराला सर्दी झाली, काकांचं ब्लड प्रेशर, सगळं. पण तुम्ही पुन्हा ती डीव्हीडी आणली नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. मनात ठरवलं होतं की एकदा निवांत ओजिमाला येऊन सांगेन, ताई, मी त्या दिवशी आगाऊपणा केला. मग मार्च आला. आमच्या ऑफिसात मार्च म्हणजे वर्षअखेर, मान वर करायला फुरसत नाही. काकांचा फोन आला की छातीत दुखलं म्हणून तुम्हाला ॲडमिट केलंय. मी तुमच्याशी बोलले, तुम्ही म्हणालात की काही नाही ग, चार दिवसांत घरी येते, तू धावपळ करू नको. मी म्हटलं, शनिवारी येते. तुम्ही शुक्रवारी गेलात.

दहनाच्या दिवशी तुमच्या दुकानातल्या मोरिता-सान आल्या होत्या. इथल्या रीतीप्रमाणे अस्थी दोघांनी मिळून चॉपस्टिकने उचलायच्या असतात. काकांना काही ते जमेना, तेव्हा मोरिता-साननी पुढे होऊन त्यांच्या चॉपस्टिकला आपली लावली. नंतर आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. तुम्हाला तो चोरांचा सिनेमा फार आवडायचा, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मीच काढून दिला होता तो. दातार-साननी, म्हणजे तुम्ही, विचारलं होतं, सगळ्यात कमी बोलणारा सिनेमा कुठला.

मी विचारलं, कमी बोलणारा का?

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग सांगितलं की तुम्ही कामाच्या पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतंत, मला बोलता येतं पण वाचता येत नाही, मात्र एकदा बघितलेलं चित्र मी विसरत नाही. आणि खरंच विसरायच्या नाहीत म्हणे. हजारो डीव्हीडी तुम्ही कव्हरवरची चित्रं बघून लावायचात. अक्षरं वाचून लावणाऱ्या मुलांच्या चुका व्हायच्या, तुमची कधी झाली नाही.

ताई, त्यानंतर काही दिवस मी तुमच्यावर चिडले होते, हेही लिहिते. मोरिता-सानना पहिल्या दिवशी सांगितलंत आणि आम्हाला इतक्या वर्षांत नाही? आम्ही कोण तुमचे? मग हळूहळू कळत गेलं. त्यांना तुमच्याकडून डीव्हीडी जागेवर लावून हव्या होत्या, एवढंच. आम्ही मात्र तुम्हाला आमची वाचणारी बाई करून टाकलं होतं. कुणी कधी विचारलंच नाही की ताई, तुम्हाला वाचता येतं ना. बोलतात म्हणजे वाचतही असतील, असं धरून चाललो. एकदा सगळे असं धरून चालले की त्यांना नाही म्हणणं किती कठीण जात असेल. वॉर्ड ऑफिसात विसरलेला चष्मा तुमच्या पर्समध्येच असायचा, हो ना?

काकांचे कागद लावायला ओजिमाला गेले तेव्हा तुमच्या फ्रिजवर कचऱ्याचा तक्ता होता. त्याच्याही प्रत्येक चौकटीत चित्र. काटा, बाटली, गठ्ठा, कप. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. काकांना विचारलं. ते म्हणाले, पत्रं आली की सुलभा ती घेऊन खाली जायची, मला वाटायचं टपालपेटीत काही राहिलं का बघायला जाते. ती तळमजल्यावरच्या आजींकडून वाचून घेत असणार. हे सगळं लिहू की नको, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिही. मलाही माहीत नव्हतं असंही लिही.

निघताना त्यांनी ती डीव्हीडी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी सुपरमार्केटचं जाहिरातीचं पान घेतलं, घडी घातली आणि टीव्हीच्या खालच्या भागावर चिकटपट्टीने लावून टाकलं. खालच्या ओळी दिसायलाच नकोत. मला बघायचं होतं तुम्ही काय बघत होतात. इरा शेजारी येऊन बसली आणि तिने जपानीत विचारलं की हे काय करतेस. मी म्हटलं, आज नुसतं बघू या.

आणि काय सांगू ताई. मी तो सिनेमा पंचवीसेक वेळा पाहिला असेन, पण खरं तर कधीच पाहिला नव्हता. माझी नजर सगळा वेळ खाली. कुलकर्णी मासळी बघून खरंच नाक मुरडतात, आणि शैलाने दिलेलं सँडविच उघडून आतलं काहीतरी हळूच काढून ठेवतात. तेव्हा शाकाहाराबद्दलची माझी शंका निम्मी तरी फिटली. साहेब शैलाशी बोलताना एकदाही तिच्या तोंडाकडे बघत नाही. ती मात्र सगळा वेळ कुलकर्ण्यांवर डोळा ठेवून असते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर व्हॅन आपटते तेव्हा सगळं जग पुढच्या धक्क्याकडे बघतं, आणि ती मान वळवून मागे बघते, म्हातारा ठीक आहे का. तुम्ही शब्द मनाने घालत होतात, पण त्या माणसांच्या तोंडी न शोभणारा शब्द एकही घातला नव्हता.

मग फोन. ओठ हलले, तिने फोन ठेवला. साहेब पुढे झाला आणि जहाजाच्या शिडीवर चढला. पुढचं दृश्य उंचावरून दिसणाऱ्या खाडीचं. जहाज भोंगा देऊन निघतं, गाणं लागतं, नावं वर सरकायला लागतात आणि खाली गाण्याचे शब्द येतात. दर वेळी मी ते शब्द वाचत बसायचे. आज ते झाकलेले होते.

डाव्या कोपऱ्यात, डोंगराच्या रस्त्यावर, काहीतरी हललं. उजेडाचा एक ठिपका. जहाज उजवीकडे समुद्रात चाललेलं, आणि तो ठिपका वळणावळणाने वर, दीपगृहाकडे. मी मागे नेलं, परत बघितलं. इरा पडद्याला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, आई, गाडी आहे, पण दिवा एकच आहे. मी सिनेमा जिन्यापर्यंत मागे नेला. शेवटच्या पायरीवर व्हॅनचा डावा दिवा फुटतो. काच उडालेलीसुद्धा दिसते.

शैला जहाजावर चढलेलीच नव्हती. फोनवर ती बोलली ते शेजारी उभ्या असलेल्या साहेबाला ऐकवण्यासाठी. तो निर्धास्त होऊन चढला आणि ती व्हॅन घेऊन म्हाताऱ्याकडे परत गेली. हे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून खाली कुठल्याही ओळीत ते येत नाही. मी आपली वाचत होते, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही तेवढं बघत होतात.

तेराव्या दिवशी काकांना विधी वगैरे नको होते. म्हणाले, सगळे भेटा, जेवा. फुनाबोरीच्या हॉलमधली ती खोली घेतली, दुपारी सगळे आले. दिवाळीला होते तेच बहुतेक सगळे. जेवणं झाल्यावर मी टीव्हीशी जाऊन उभी राहिले. मी म्हटलं की दिवाळीत मी याच सगळ्यांसमोर ताईंचं चुकलं असं सांगितलं होतं, पण चूक माझी होती, आणि ती कशी ते आता दाखवते. तुम्हाला वाचता येत होतं की नाही, हे त्यांना तिथे सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा, काकांच्या परवानगीने, इथे लिहितेय. तिथे फक्त शेवटची चार मिनिटं लावली आणि म्हटलं, डाव्या कोपऱ्यात बघा.

पहिल्यांदा कुणाला दिसलं नाही. दुसऱ्यांदा दोघातिघांना दिसलं. मग खुर्च्या सरकल्या, सगळे उठून पडद्याभोवती जमले, कुठे, कुठे, अगं तो बघ, असं चाललं. काका मागे बसले होते. ते उठले, गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हाच," ते म्हणाले. "ती मला दर वेळी दाखवायची. मी म्हणायचो, दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल."

मग त्यांनी मला विचारलं, ती त्याच्यापर्यंत पोचते का? मी सांगितलं की नावं संपतात, पडदा काळा होतो, पुढचं त्यात नाही. ते मान हलवून जागेवर जाऊन बसले.

ते तुम्हालाच विचारायला हवं होतं ताई. तुमच्याकडे नक्की काहीतरी उत्तर असणार. शैला वेळेत पोचली का ते मला माहीत नाही. मी पोचले नाही.